तातडीने मदत हवी: श्वासनलिकेचं भोक दुर्बिणीतून बंद होतं का?

जास्वंद:
श्वासनलिका आणि अन्ननलिका यांच्यामधलं भोक दुर्बिणीतून कुणी बंद करून घेतलंय का? डॉक्टर म्हणतात, "आधी दुर्बिणीने बघू, नाही जमलं तर पुढचं पुढे." गुरुवारपर्यंत कळवायचंय. अनुभव असेल त्यांनीच लिहा, गुगल मलाही येतं.

तिरकाबाण:
वय काय? भोक कशाने पडलं? एवढं तरी लिहा.

वाटसरू:
बाबांना अन्ननलिकेचा कॅन्सर होता, गाठीनेच भोक पाडलं. पाण्याच्या घोटालाही ठसका. आवरणवाला जाळीचा स्टेंट बसवला आणि ते परत खाऊपिऊ लागले. डोळे झाकून स्टेंट बसवा.

तिरकाबाण:
डोळे उघडे ठेवा! कॅन्सरमध्ये स्टेंट ठीक. एरवी तोच स्टेंट कडांवर दाबून भोक मोठं करू शकतो, सरकतोही.

वाटसरू:
तुम्ही डॉक्टर का? बाबा जेवले, मला तेवढं पुरे.

कुंदामावशी:
ठसका पित्तानेही लागतो गं. उशाकडून पलंग उंच कर. मला फरक पडला.

जास्वंद:
अहो, कॅन्सर कुठून आला! बाळ आहे, १४ महिन्यांचं. जन्मतः अन्ननलिका तुटलेली होती, तिसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. आता त्याच जागी परत उघडलंय. लिहिलं होतं ना मी?

तिरकाबाण:
नाही लिहिलंत.

बखरकार:
१९४१ साली अमेरिकेत कॅमेरॉन हेट यांनी अशी अन्ननलिका एकाच ऑपरेशनात जोडून बाळ वाचवलं होतं. रंजक इतिहास आहे, सवडीने लिहीन.

रानजाई:
बखरकार, आत्ता नको हो.
जास्वंद, माझ्या लेकीचं अगदी हेच. मऊ घास गिळायची, पातळ दूध मात्र दोन घोटांत खोकून बाहेर, चेहरा जांभळा. वरचेवर न्यूमोनिया. भूल देऊन श्वासनलिकेत दुर्बीण घातली, भोकाच्या आतलं अस्तर खरवडलं आणि ट्रायक्लोरोॲसेटिक ॲसिडमध्ये बुडवलेला इवलासा कापूस तिथे टेकवून धरला. अस्तर जळतं, जखम भरताना भिंती एकमेकींना चिकटतात. तिसऱ्या आठवड्यात परत पाहिलं तर टाचणीच्या टोकाएवढं उरलंच होतं. दुसऱ्या खेपेला मिटलं. आमच्याकडे 'नाही जमलं' म्हणजे लगेच छाती उघडणं नव्हतं, आधी पुन्हा दुर्बीणच. पहिल्या ऑपरेशनच्या जागी सगळं चिकटलेलं असतं, म्हणून परत छाती उघडणं जास्त अवघड, असं सर्जन म्हणाले होते.

वाटसरू:
ॲसिड? बाळाच्या श्वासनलिकेत?? स्टेंटला नावं ठेवता आणि हे चालतं?

रानजाई:
थेंबभर, आणि नजरेसमोर. ओतत नाहीत हो.

तिरकाबाण:
भोक किती रुंद, मार्ग किती लांब? अरुंद आणि लांब असेल तर दुर्बिणीने बुजण्याची आशा जास्त. रुंद आणि आखूड असेल तर परत उघडतं. आणि निदान कसं केलं? नुसत्या औषध गिळवून काढलेल्या फोटोत बारीक भोक निसटतं.

जास्वंद:
फाइल काढली. अन्ननलिकेत निळं औषध सोडलं, ते दुर्बिणीत श्वासनलिकेत उतरताना दिसलं. ३ मिमी लिहिलंय, लांबी कुठेच नाही. उद्या विचारते. रानजाई, तो भुंकल्यासारखा खोकला गेला का हो?

रानजाई:
नाही. तो श्वासनलिका मऊ असल्यामुळे, भोक बुजलं तरी राहिला. तेही उद्याच विचारा, नाहीतर खोकला ऐकून फसलं असं वाटेल. मी महिनाभर रडले होते.

जास्वंद:
हे कुणीच सांगितलं नव्हतं. कुंदामावशी, पलंग नाही केला हो उंच.