पाहुणे म्हणून गेलो आणि कामाचा परवाना मागितला: आपापले अनुभव

परदेशात फिरायला किंवा नातेवाइकांकडे गेले असताना नोकरी चालून आली आणि तिथूनच वर्क परमिटची खटपट करावी लागली, असे ज्यांच्या बाबतीत घडले त्यांनी आपले अनुभव येथे लिहावेत. देश कोणता आणि वर्ष कोणते, हे अवश्य नोंदवावे. या बाबतीत वर्ष न सांगता दिलेला सल्ला ऐकणाऱ्याला गोत्यात आणू शकतो. सुरुवात माझ्यापासून करतो.

कॅनडा, २०२२. बहिणीकडे व्हिजिटर व्हिसावर गेलो होतो. विमानतळावर पासपोर्टवर शिक्का बसला, पण त्याखाली तारीख लिहिलेली नव्हती. अशा वेळी मुक्कामाची मुदत प्रवेशाच्या दिवसापासून सहा महिने धरतात, हे मला तिसऱ्या महिन्यात कळले. देशात आलेल्या पाहुण्यांना बाहेर न जाता वर्क परमिट मागण्याची तात्पुरती मुभा २४ ऑगस्ट २०२० पासून होती, आणि तिच्याच आधारे एका कारखान्याने मला देखभालीच्या कामासाठी नेमणूकपत्र दिले. त्यासाठी मालकाला आधी एलएमआयए मिळवावे लागले, म्हणजे या जागेसाठी स्थानिक माणूस मिळत नाही हे सरकारला पटवून द्यावे लागले. त्याचे १,००० डॉलर शुल्क मालकानेच भरायचे असते आणि ते कामगाराकडून वसूल करता येत नाही. तरीही मधल्या सल्लागाराने ‘अशीच पद्धत आहे’ असे सांगत ते माझ्याकडे मागितले. मेहुण्यांनी सरकारी नियमातला तेवढाच परिच्छेद छापून, खाली पेन्सिलीने रेघ मारून त्याच्या टेबलावर ठेवला, तेव्हा ‘बघतो’ म्हणून त्याने विषय बदलला आणि तो पुन्हा काढला नाही. परमिटचे १५५ डॉलर मात्र माझेच गेले. अर्ज मुदत संपण्याच्या अकरा दिवस आधी दाखल झाला, म्हणून निकाल लागेपर्यंत देशात राहता आले. पण राहण्याची परवानगी म्हणजे काम करण्याची परवानगी नव्हे, त्यामुळे नोकरीचे पत्र खिशात ठेवून मी चार महिने बहिणीच्या घरी बर्फ उपसत बसलो. ही मुभा २८ ऑगस्ट २०२४ रोजी, ठरलेल्या मुदतीआधीच, बंद झाली. तेव्हा माझी वाट आज कोणी धरू नये.

दुबई, २०२४ची अखेर. वरील अनुभवातला ‘राहणे वेगळे, काम वेगळे’ हा मुद्दा इथे फार महाग पडू शकतो. मी व्हिजिट व्हिसावर मुलाखती देत होते. एका ठिकाणी निवड होताच व्यवस्थापक म्हणाले, ‘सोमवारपासून येऊन बसा, कागद मागाहून होतील.’ मी दोन दिवस गेलेही, कारण नाही म्हटले तर जागा जाईल अशी भीती वाटत होती. तिसऱ्या दिवशी शेजारच्या टेबलावरच्या ताईंनी हळूच सांगितले की परवान्याशिवाय माणूस कामाला ठेवल्यास मालकाला १ लाख ते १० लाख दिरहम दंडाची तरतूद त्याच वर्षी झाली आहे, आणि पकडल्यास मीही सुटणार नाही. मी तिथूनच बाहेर पडले. पुढे दुसऱ्या कंपनीने रीतसर परवाना काढला, देशात असतानाच व्हिसाची स्थिती बदलून घेतली, मग वैद्यकीय तपासणी आणि एमिरेट्स आयडी (तिथले सरकारी ओळखपत्र) झाले. घरी परत जावे लागले नाही.

ब्रिटन, २०२३. माझे थोडक्यात. पाहुण्याला मुलाखत देता येते, पण तिथे राहून स्किल्ड वर्कर, म्हणजे कुशल नोकरीच्या, व्हिसावर जाता येत नाही. नेमणूक हातात असूनही परतीचे विमान पकडले, क्षयरोगाची तपासणी केली, इथून अर्ज केला आणि पुन्हा गेलो.

अमेरिका. बी-१, म्हणजे कामानिमित्त छोट्या भेटीच्या, व्हिसावर असताना माझे नाव एच-१बी या नोकरीच्या व्हिसासाठीच्या मार्चमधल्या सोडतीत निघाले आणि सर्वांनी अभिनंदन केले. काम मात्र १ ऑक्टोबरपासूनच सुरू होऊ शकत होते आणि माझा मुक्काम जुलैतच संपत होता. कंपनीची याचिका मंजूर झाली, देशात राहून स्थिती बदलण्याची विनंती नाकारली गेली. परत येऊन वकिलातीत शिक्का घेतला. सोडतीच्या दिवशी कॅलेंडर उघडून मधले महिने मोजण्याचे कोणालाच सुचले नाही, कंपनीच्या वकिलांनाही नाही.