त्रैक्य म्हणजे पाणी, बर्फ, वाफ? नाहीच!

वसईकर: "मुलांना त्रैक्य शिकवणं सोपं आहे: पाणी, बर्फ, वाफ. वस्तू एक, रूपं तीन." सकाळपासून हा संदेश फिरतोय, म्हणून लिहितो. त्रैक्य म्हणजे पिता, पुत्र (येशू) आणि पवित्र आत्मा असे तिघं, पण देव एकच, ही ख्रिस्ती शिकवण. पाण्याचा दाखला हे त्रैक्य नव्हे, सबेल्लियसचं मत आहे: एकच देव तीन रूपं घेतो, असं. ते तिसऱ्या शतकातच चर्चने नाकारलेलं. यार्देन नदीत पुत्राचा बाप्तिस्मा होतो, आत्मा कबुतरासारखा उतरतो, पित्याची वाणी आकाशातून येते. तिघं एकाच वेळी. एकच देव पाळीपाळीने रूपं घेत असेल, तर गेथशेमाने बागेत येशू प्रार्थना कोणाला करत होता?

प्रयोगशाळा: पाळीपाळीने कशाला? ०.०१ अंश सेल्सिअस आणि सुमारे ६११ पास्कल दाबाला तिन्ही अवस्था एकत्र नांदतात. चांगला दाखला उगाच मोडीत काढलात.

वसईकर: बरं, पाळीचा मुद्दा मागे घेतो. पण तिथेही बर्फातला रेणू त्या क्षणी वाफेत नसतो. पाणी तिघांत वाटलं जातं. देवाचं तत्त्व वाटलं जात नाही: पिता पूर्ण देव, पुत्र पूर्ण देव, आत्मा पूर्ण देव, आणि देव एकच. रूपांतून सुटलात ते तुकड्यांत अडकलात.

मूळवचन: एवढा काथ्याकूट कशाला? 'त्रैक्य' हा शब्दच बायबलमध्ये नाही. आणि १ योहान ५:७ मधलं 'स्वर्गातले तीन साक्षी' हे पिता, शब्द आणि आत्मा एक असल्याचं वाक्य मागाहून घुसडलेलं. इरॅस्मस या विद्वानाने छापलेल्या नव्या कराराच्या १५१६ आणि १५१९ च्या ग्रीक आवृत्त्यांत ते नाही, १५२२ मध्ये आलं. तरी लोक पुराव्याला तेच काढतात, याची चीड येते.

वसईकर: ते वाक्य सोडलं. चौथ्या शतकातल्या सिनाय आणि व्हॅटिकन हस्तलिखितांतही ते नाही. पण म्हणूनच तुमचा मुद्दा लंगडा पडतो! त्रैक्याचा सिद्धांत ठरवणाऱ्या चर्चच्या परिषदा बघा: ३२५ ला निकाया झाली, ३८१ ला कॉन्स्टँटिनोपल. त्या वादात ग्रीक धर्मपंडितांनी ते वाक्य पुढे केलंच नाही. सिद्धांत त्यावर उभा नव्हता, मग ते काढल्याने पडेल कसा? मत्तय २८:१९ बघा: पिता, पुत्र, पवित्र आत्मा यांच्या 'नावाने'. ग्रीकमध्ये 'ओनोमा', एकवचन.

मूळवचन: एका एकवचनावर अख्खा सिद्धांत? "माझा पिता माझ्यापेक्षा थोर आहे," योहान १४:२८. हे का गाळता?

वसईकर: गाळत नाही. त्या वादातले विरोधक, एरियसचे अनुयायी, तेच वचन पुढे करायचे. पुत्र पित्यापासून आहे आणि तो माणूस झाला, या दोन्ही अर्थांनी ते वाचलं गेलंय. एरियसच्या लेखी पुत्र सर्वांत श्रेष्ठ, पण निर्माण केलेलाच. मग बाप्तिस्म्यात देवाच्या जोडीला आपण एका निर्मितीचं नाव घेतो. आणि एक निर्मिती दुसरीला देवाशी कशी जोडणार? एरियसचा विरोधक बिशप अथनेशियस हेच विचारत राहिला, पाच वेळा हद्दपार झाला तरी. मुलांना दाखले नकोत. पित्याला, पुत्राद्वारे, आत्म्यात प्रार्थना कशी करतात ते शिकवा.

मूळवचन: एकवचनाचं मला पटलेलं नाही. बाप्तिस्म्याच्या प्रश्नाला मात्र आत्ता माझ्याकडे उत्तर नाही.