नोकरनाम्याआधी सहा तासांचा कोर्स: दारू वाढणाऱ्याला 'नाही' म्हणायला शिकवायचं का?

काउंटरमागचा (पुणे)

आमच्या धंद्यात एक शब्द आहे, 'रिपीट'. ग्लासात बोटभर उरली की वेटरने टेबलाशी वाकून हळूच विचारायचं, "रिपीट, साहेब?" नव्या पोराला पहिल्या दिवशी हेच शिकवतात. कधी विचारायचं नाही, हे कोणी शिकवत नाही. ते शिकल्याशिवाय कोणालाही परमिट रूममध्ये दारू वाढायला उभं करू नये, असं माझं मत आहे. त्यावर बोलू.

मी शिकायला सिडनीत होतो. तिथल्या एका पबमध्ये ग्लास विसळण्यापासून सुरुवात केली. टॅपला हात लावायच्या आधी 'आरएसए'चं (रिस्पॉन्सिबल सर्व्हिस ऑफ अल्कोहोल, म्हणजे जबाबदारीने दारू वाढण्याचं) कार्ड काढावं लागलं. न्यू साउथ वेल्समध्ये दारू वाढणाऱ्या प्रत्येकाला ते लागतं, पाच वर्षं चालतं, मग उजळणी. माझा कोर्स सहा तासांचा होता. निम्मा वेळ कायद्यात गेला, तो मी विसरलो. उरलेला अजून लक्षात आहे: माणूस कुठे जड व्हायला लागतो ते कसं ओळखायचं, आणि त्याचा अपमान न करता त्याला कसं थांबवायचं. धुंद माणसाला दारू देणं तिथे गुन्हा आहे, आणि दंड वाढणाऱ्यालाही होतो. एकदा मी एका नेहमीच्या गिऱ्हाइकाला थांबवलं. त्याने माझ्या देशापासून सुरुवात करून सगळं काढलं. मॅनेजर येऊन माझ्या शेजारी उभी राहिली, त्याला बाहेर टॅक्सीत बसवून आली आणि रजिस्टरमध्ये चार ओळी लिहिल्या. मला एका शब्दाने विचारलं नाही.

आता इथलं. मागच्या महिन्यात शनिवारी एका टेबलावर चौघे. मसाला पापडाच्या ताटलीशेजारी गाडीची किल्ली. किल्लीवाल्याचा हात शेंगदाण्यांची वाटी चुकवून टेबलक्लॉथ चिमटीत धरत होता. आमचा वेटर चौथ्यांदा 'रिपीट' विचारायला निघाला, मी त्याला मागे ओढलं. सोमवारी मालकांनी मला केबिनमध्ये बोलावून घेतलं. त्या टेबलाचं बिल 'कमी झालं' होतं.

थोडा हिशोब. ऑस्ट्रेलियात एक 'स्टँडर्ड ड्रिंक' म्हणजे 10 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. आपली देशात बनणारी व्हिस्की 42.8 टक्क्यांची, तिचा 30 मिलीचा छोटा पेग बरोबर तेवढाच भरतो. म्हणजे लार्ज (60 मिली) दोन, नाइन्टी तीन, क्वार्टर (180 मिली) सहा. 650 मिलीची 8 टक्क्यांची स्ट्राँग बिअर म्हणजे चार! "मी फक्त एक बिअर घेतली" म्हणणाऱ्याने चार घेतलेल्या असतात. शरीर ढोबळमानाने तासाला एक उतरवतं. आठ वाजता धरलेली क्वार्टर उतरायला रात्रीचे दोन वाजतात. मी इथल्या दहा वेटरना हे विचारलं, एकालाही माहीत नव्हतं.

महाराष्ट्रात बारमधल्या नोकराचा नोकरनामा (तिथे काम करायची कागदोपत्री परवानगी) उत्पादन शुल्क खात्याकडून करून घ्यावा लागतोच. त्याला हा सहा तासांचा कोर्स जोडा, एवढंच म्हणतोय.

परमिटरूमवाला (नाशिक)

काउंटरमागचे साहेब, हिशोब झकास. पण तुम्ही पगारी आहात, मी लायसन्स फी भरतो.

आपल्याकडे पिणाऱ्याला परमिट लागतं, बरोबर? विदेशीसाठी एक दिवसाचं पाच रुपयांचं. आजपर्यंत किती गिऱ्हाइकांनी तुमच्याकडे स्वतः मागून घेतलं? आम्हीच पॅड विकत आणतो, आम्हीच फाडतो, नावं टाकतो. तुमच्या कोर्सचं हेच होणार. कोणीतरी क्लास काढणार, पैसे घेणार, पोरगं मोबाईलवर व्हिडिओ लावून झोपणार, सर्टिफिकेट फ्रेममध्ये. तपासणीला येणारा अधिकारी स्टॉक बघेल, रजिस्टर बघेल, आता फ्रेमही बघेल. टेबलावरच्या माणसाकडे कोण बघणार?

शिवाय माझ्याकडची पोरं चार महिने टिकत नाहीत. बिहारचा गेला की ओडिशाचा येतो. कोर्स कोणत्या भाषेत घेणार?

कायद्याने_बोला

मला मूळ कल्पनाच पटत नाही. प्यायलेल्याने गाडी चालवू नये ही जबाबदारी चालवणाऱ्याची. त्यासाठी मोटार वाहन कायद्याचं कलम 185 आहे: 100 मिली रक्तात 30 मिलीग्रॅमच्या वर गेलात की पहिल्या वेळी दहा हजार दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. नाकाबंदी नीट करा. वेटरला पोलीस कशाला बनवताय? उद्या साखर जास्त झाली म्हणून हलवाई जिलेबी द्यायचं थांबवेल.

आणि आता कोणीतरी पुण्यातला कल्याणीनगरचा अपघात आणेलच, म्हणून आधीच सांगतो. मे 2024 मध्ये ती पोर्श चालवणारा सतरा वर्षांचा होता. त्यानंतर जुलैत वरळीच्या अपघातात गाडी चालवणारा जो होता तो पंचविशीच्या आतला, आणि आपल्याकडे कडक दारूला 25 पूर्ण लागतात. दोन्हीकडे प्रश्न वयाचा होता. आधार कार्ड मागायला सहा तासांचा कोर्स लागत नाही.

काउंटरमागचा

@कायद्याने_बोला, वयाचा मुद्दा मान्य. त्यासाठी खरंच कोर्स लागत नाही, हिंमत लागते. पण जिलेबीचं उदाहरण नाही चालणार. जिलेबी खाऊन कोणी दुसऱ्याच्या अंगावर गाडी घालत नाही. आणि नाकाबंदी लागते रस्त्यावर, माणूस गाडीत बसल्यावर. मी त्याआधीच्या पंधरा मिनिटांबद्दल बोलतोय. तेव्हा त्याच्यासमोर फक्त वेटर असतो.

एक_थर्टी_फक्त

थांबा. क्वार्टर म्हणजे सहा??

बायकोला हा धागा दाखवू नका कोणी.

फ्रीमाँटची_सून

माझ्या नवऱ्याचं इथे कॅलिफोर्नियात लहानसं रेस्टॉरंट आहे, बिअर-वाईनचं लायसन्स आहे. इथे 1 जुलै 2022 पासून वाढणाऱ्यांना आणि त्यांच्या मॅनेजरांना प्रशिक्षण सक्तीचं झालं. कामावर लागल्यापासून 60 दिवसांत परीक्षा पास व्हायची, 70 टक्के लागतात, तीन संधी, आणि सर्टिफिकेट तीन वर्षं चालतं. सगळं ऑनलाइन.

नाशिकचे दादा, तुमचा अंदाज बराचसा खरा आहे. आमच्याकडच्या एका मुलाने एका हाताने भांडी लावत कोर्स संपवला. परीक्षाही फार अवघड नाही.

पण एक गोष्ट बदलली. आधी मुलं थांबवायची तेव्हा चाचरायची. आता सरळ म्हणतात, "सॉरी, माझं सर्टिफिकेट जाईल." गिऱ्हाइकाला राग आला तरी तो त्या मुलावर निघत नाही, कायद्यावर निघतो. कोर्समधून मुलांना ज्ञान किती मिळालं देव जाणे, निमित्त मात्र मिळालं.

सेलूकर (वर्धा)

गंमत वाटते वाचून. आमचा जिल्हा कित्येक दशकं कोरडा आहे. गडचिरोलीतही 1993 पासून बंदी. चंद्रपूरला 2015 मध्ये बायांनी लढून बंदी आणली, 2021 मध्ये सरकारने उठवली. बंदी उठवताना महसुलाबद्दल किती बोलणं झालं! त्याच तिजोरीला तुम्ही सांगताय की वेटरला 'नाही' म्हणायला शिकवा. सरकार स्वतः कधी 'नाही' म्हणतं का? असले कोर्स म्हणजे बाटलीवर लावायचं सभ्यतेचं लेबल.

परमिटरूमवाला (नाशिक)

सेलूकर, तुमच्या कोरड्या जिल्ह्यात मिळते की नाही ते जरा सांगा. आणि मिळते ती देणारा वय विचारतो का, तेही.

सेलूकर (वर्धा)

मिळते. दुप्पट भावाने. लपवत नाही. पण माझी आई संध्याकाळी सातनंतर बसस्टँडवरून एकटी घरी येते, तेही खरं आहे.

टेबल_नंबर_सात

मी वेटर आहे. पनवेलच्या पुढे, हायवेला. सोळा वर्षं झाली. 2017 ला हायवेपासून 500 मीटरच्या आत दारू विकायची नाही या कोर्टाच्या आदेशाने बार काही महिने बंद होता, तेव्हा गावाला जाऊन बसलो होतो, तेवढीच सुट्टी.

इथे सगळे आमच्याबद्दल बोलतायत म्हणून लिहितो. मला पगार अकरा हजार. बाकी टिप. टिप बिलावर असते, बिल रिपीटवर असतं. हा हिशोब पण त्या कोर्समध्ये घ्या.

तोंडावर 'नाही' मी एकदाच म्हटलं. दहा वर्षांपूर्वी. गिऱ्हाइकाने ग्लास भिंतीवर मारला. शेठ गल्ल्यावरून उठून आला आणि मला त्याची माफी मागायला लावली. ग्लासचे पैसे माझ्या पगारातून गेले. त्यानंतर मी तोंडावर नाही म्हणत नाही.

पण थांबवतो. माणूस जड झाला की मी ऑर्डर घेतो, "आणतो साहेब" म्हणतो आणि दहा मिनिटं त्या बाजूला फिरकतच नाही. मग जाऊन सांगतो, सोडा संपलाय, पोरगा आणायला गेलाय. तोवर पाण्याचा जग ठेवतो, गरम भजी ठेवतो, ड्रायव्हर कोण आहे ते सोबतच्याला हळूच विचारतो. तेवढ्यात दोस्तांपैकी कोणाला तरी घरून फोन येतो आणि बिल मागतात. कोणाचा अपमान नाही, ग्लास फुटत नाही.

तुमच्या सिडनीत हे शिकवतात का?

काउंटरमागचा

@टेबल_नंबर_सात, दादा, हेच शिकवतात. वाढण्याचा वेग कमी करा, पाणी द्या, खायला द्या, सोबतच्या शुद्धीवरच्या माणसाला हाताशी धरा. तिथे पबमध्ये पिण्याचं पाणी फुकट ठेवणं कायद्यानेच बंधनकारक आहे. फक्त सोड्याची युक्ती त्यांना सुचलेली नाही. तुम्ही सोळा वर्षं कार्डाशिवाय तेच काम करताय.

फरक एकच, माझ्या शेजारी मॅनेजर येऊन उभी राहिली आणि तुमच्याकडे शेठ समोर येऊन उभा राहिला. त्यामुळे मूळ मागणीत दुरुस्ती करतो: कोर्सला आधी लायसन्सवाला बसेल, मग त्याच्या पोरांचे नोकरनामे. फ्रीमाँटच्या ताई म्हणतात तसं निमित्त वेटरला मिळायचं असेल, तर ते मालकाच्याही नावावर लिहिलेलं पाहिजे.

कायद्याने_बोला

मालकाला जबाबदार धरायला माझी हरकत नाही. लायसन्स त्याचं, नफा त्याचा. वेटरला दंड मात्र नको. अकरा हजारवाल्याला दंड लावून तुम्ही नक्की कोणाला शिकवणार?

परमिटरूमवाला (नाशिक)

मालकाला वर्गात बसवायचं म्हणता. बसेन. वडापाव तुम्ही आणा.

पण टेबल नंबर सात, एक खरं सांगा. माझ्याकडे मागच्या दोन शनिवारी रात्री अकराच्या सुमारास सोडा संपला. पोरगं येऊन सांगतं, "शेठ, सोडा नाही." मी सोडावाल्याला फोन करून शिव्या घातल्या. सकाळी मागची खोली उघडली तर चार क्रेट जसेच्या तसे.

हे तुम्ही सगळे ठरवून करता की काय?

टेबल_नंबर_सात

शेठ, सोडावाल्याला सॉरी म्हणा.