अनुभव धागा: दाढी सोडून ब्लेडची आणि वस्तऱ्याची कामं

धागा मांडणारी, सांगली

आमच्या घरी वडिलांची दाढी झाली म्हणून ब्लेड लगेच टाकलं जात नसे. ते कागदात धरून मधोमध वाकवायचे, कट् वाजायचं आणि दोन तुकडे व्हायचे. एक माझ्या कंपासपेटीत पेन्सिलीसाठी, दुसरा आईच्या शिवणाच्या डब्यात. मागच्या आठवड्यात तो डबा आवरताना बॉबिनांखाली असाच एक तुकडा मिळाला, कडेनं गंजलेला. आई डोळ्यांपुढे आली. ब्लाउज उसवताना ती शिवणीच्या दोन्ही बाजू ताणून धरायची आणि मधे दिसणाऱ्या दोऱ्यावर पातं नुसतं टेकवायची. ओढलं की कापड जातं, हे तिनं मला एका चांगल्या खणाचं नुकसान सोसून शिकवलं.

तुमच्या हातात पातं कुठल्या कामाला येतं? कसं धरता, कुठे चुकलं, सगळं लिहा.

तासगाव

द्राक्षाचं कलम. डॉगरिज या द्राक्षजातीचा खुंट, म्हणजे मुळाकडचं झाड, आधी लावायचा आणि पाऊस सरता सरता त्यावर कलम बांधायचं, ही आमची रीत. टोळीतल्या बाकीच्यांकडे कलमाचे चाकू होते, पण मला शिकवणारे काका काडी ब्लेडनंच तासायचे. दोन डोळ्यांची काडी, बुडाला दोन्ही अंगांनी पाचर, प्रत्येक अंगाला एकच काप. दुसऱ्यांदा पातं फिरवलं की खळगा पडतो, काडी खुंटात बसल्यावर तिथं पोकळी राहते आणि सालीला साल भिडत नाही. मग वरून पट्टी कितीही आवळा. पहिल्या वर्षी मी एकाच ब्लेडवर अख्खी ओळ उरकली. शेवटच्या झाडांच्या काड्या फुटल्याच नाहीत, काळ्या पडल्या. आता पातं जरा अडखळलं तरी बदलतो.

कराड, निवृत्त आरेखक

कालव्यांचे नकाशे हातानं काढायचे त्या काळातला मी. ट्रेसिंग पेपरवर रोट्रिंगच्या पेनानं ओढलेली रेघ चुकली तर साध्या खोडरबरानं ती हलायची नाही. अर्धं ब्लेड अंगठा आणि तर्जनीत किंचित वाकवून धरायचं, म्हणजे टोकं कागदात रुतत नाहीत, आणि मधल्या पोटानं शाई अलगद खरवडायची. भुकटी होऊन निघते. ती फुंकायची, मऊ रबर फिरवायचं आणि शेवटी तेवढी जागा नखाच्या पाठीनं घोटायची. हे घोटणं राहिलं की उठलेल्या तंतूंतून नवी शाई पसरते आणि रेघेला मिशा फुटतात. एकदा रात्री घाईत छेदावरचा एक आकडा खरवडताना भोक पडलं. दोन दिवसांचं शीट पुन्हा काढलं. साहेब एका शब्दानं बोलले नाहीत, त्याचंच जास्त लागलं.

सातारा

खिडकीच्या काचेवर उडालेला रंग. आधी साबणाचं पाणी मारा, मग पातं जवळजवळ आडवं धरून पुढे ढकला. कोरड्या काचेवर ओरखडे येतात.

मिरज

आमच्या गावाचं नाव तंबोऱ्या-सतारींचं, २०२४ मध्ये त्यांना भौगोलिक मानांकनही मिळालं. मी मात्र पेटीबद्दल सांगते. वडील पेट्या सुरात लावायचे. सुराची पितळी जीभ खरवडताना दबू नये म्हणून तिच्याखाली ब्लेड सरकवायचे. जाडी मिलिमीटरचा जेमतेम दहावा हिस्सा, त्यामुळे जिभेला आधार मिळतो आणि ती वाकत नाही. सूर चढवायचा तर मोकळ्या टोकाशी खरवडायचं, उतरवायचा तर मुळाशी. दोन-तीन हात मारले की ब्लेड काढायचं, भाता मारून ऐकायचं, पुन्हा सरकवायचं. मुळाशी हात जड पडला तर जीभ कमजोर होते आणि पुढे कधीतरी वाजवता वाजवता तुटते. त्या ब्लेडची धार त्यांनी दगडावर घासून बोथट केलेली असे. इतर सगळे धारेसाठी ब्लेड जपतात, आमच्या घरी ते पातळपणासाठी जपलं.

सातारा, वनस्पतिशास्त्राची शिक्षिका

सूर्यफुलाच्या खोडाचे आडवे छेद, सूक्ष्मदर्शकाखाली बघायला. आमचे सर वस्तऱ्यावर शिकले, आम्ही ब्लेडवर. पातं आणि खोड दोन्ही ओलं ठेवायचं, पातं तिरकं आपल्याकडे एका ओढीत आणायचं. करवतीसारखं पुढेमागे केलं की पेशी चिरडतात. पंधरा-वीस छेद पाण्यात सोडायचे आणि त्यातला जवळजवळ न दिसणारा ब्रशनं उचलायचा. सॅफ्रॅनिन हा रंग घातला की जलवाहिन्या लाल उठतात. मुलं अख्ख्या गोल छेदाच्या मागे लागतात. पातळ असेल तर तुकडाही पुरतो.

जत तालुका, निवृत्त परिचारिका

आमचं ब्लेड नाळेचं. दवाखाना लांब, बाळंतपणं घरात. विळा, वापरलेलं ब्लेड, हाताला येईल त्यानं नाळ कापली जाई. मग काही दिवसांत बाळ दूध ओढायचं थांबवी, अंग ताठ होई. धनुर्वात. दाईंकडून आम्ही पाच स्वच्छता पाठ करून घेतल्या: हात, जागा, पातं, नाळ बांधायचा दोरा, आणि कापलेल्या नाळेवर शेण-राख काहीही न लावणं. ब्लेडचं पाकीट घरच्यांसमोरच फोडायचं, हा माझा हट्ट असे. मातांना लसही देत होतोच. २०१५ मध्ये भारतातून माता आणि नवजातांच्या धनुर्वाताचं निर्मूलन झाल्याचं जाहीर झालं, त्या दिवशी मी माझ्या एका जुन्या दाईला भेटायला गेले. आम्ही दोघी खूप वेळ बसलो.

विटा

आजोबांचा वस्तरा अजून चामड्याच्या पट्ट्यावर फिरवतो, पाठ पुढे, धार मागे. गरम पाण्यात पाय भिजवून शेतकऱ्यांच्या टाचांची घट्ट कातडी ते त्यानं उतरवून द्यायचे. मी ते काम बंद केलं. साखरेच्या आजारात पायाला जखम झालेली कळत नाही, आणि आता गावात तो आजार घरोघरी आहे.

धागा मांडणारी, सांगली

जतच्या ताई, तुमचं लिहिलेलं दोनदा वाचलं. आता माझी एक चूक. मागे मी कागदात गुंडाळून ब्लेड कचऱ्यात टाकलं आणि घंटागाडीवरच्या बाईंचा तळहात कापला. हळद लावून त्या कामाला लागल्या. मी त्यांना दवाखान्यात नेलं, पण ते रक्त विसरत नाही. तुम्ही वापरलेली ब्लेडं कशी टाकता?

कराड, निवृत्त आरेखक

आमच्या ऑफिसात पत्र्याचा पावडरचा डबा असायचा, झाकणाला चीर पाडलेली आणि झाकण डाख लावून बंद केलेलं. घरीही तसाच केला. भरला की चिरेवर चिकटपट्टी मारून भंगारवाल्याच्या हातात देतो आणि आत काय आहे ते सांगतो. माझा दुसरा डबा अजून निम्माही भरलेला नाही.