इंटर्नशिपबरोबर प्रक्षेपणाची वेळही हवी

माध्यमशाखेच्या मुलांसाठी टीव्ही वाहिन्यांनी काय करावं, या चर्चेत एकानं म्हटलंय की वाहिन्यांनी त्यांना इंटर्नशिप दिली की पुरे. मला ते अपुरं वाटतं. एका वृत्तवाहिनीत मी दोन महिने इंटर्न होते. पडद्याखालच्या पट्टीचा मजकूर टाइप करण्यापलीकडे काही हाती लागलं नाही, आणि ते आजही सलतं.

आपल्याकडे याहून मोठा प्रयोग झालाय. १५ ऑगस्ट १९८४ पासून दूरदर्शनवर 'कंट्रीवाइड क्लासरूम' ही कॉलेजच्या विद्यार्थ्यांसाठीची शैक्षणिक कार्यक्रमांची मालिका दिसू लागली. कार्यक्रम विद्यापीठ अनुदान आयोगाचे, वेळ दूरदर्शनची, उपग्रह इन्सॅट-१बी. पुणे विद्यापीठातल्या माध्यम केंद्रासारख्या ठिकाणी विषयाचे प्राध्यापक आणि निर्माते एकत्र बसून ते कार्यक्रम बनवत. प्रेक्षक खरा, तारीख ठरलेली, त्यामुळे काम अर्धवट सोडायची सोयच नव्हती.

माझं म्हणणं एवढंच, की सह्याद्रीनं किंवा एखाद्या खासगी मराठी वाहिनीनं आठवड्यातला अर्धा तास विद्यापीठांना द्यावा. रात्री उशिराचा चालेल. मुलांच्या संहितेवर वाहिनीच्या संपादकानं लाल पेन चालवावं, चूक कुठे झाली ते समोर बसवून सांगावं. स्टुडिओतली यंत्रं कॉलेजही विकत घेऊ शकतं, असा संपादक मात्र वाहिनीतच भेटतो.