विषय: सुरीवर गंजाचे ठिपके (सध्या मुक्काम पार्ले)

नमस्कार मंडळी,
मी या महिन्यात पार्ल्याला आईच्या घरी आहे. आई माझ्याकडे राहायला आली होती, त्यामुळे ऐन पावसाळ्यात घर बंदच होतं. ट्रॉली उघडली तर रोजच्या सुरीवर तांबूस ठिपके, आणि विळीच्या पात्यावर बोटाला लागेल अशी तांबडी भुकटी. सुरी स्टेनलेसची असूनही असं का झालं? कामाच्या मावशी तारेची घासणी घेऊन बसणार होत्या, त्यांना तूर्त थांबवलं आहे. शेजारच्या काकू बटाटा आणि मीठ म्हणतात. शिवाय अशा सुरीने चिरलेलं खाल्लं तर धनुर्वात होतो, हे खरं का?
– एक सभासद, पार्ले पूर्व

———

ताई, नमस्कार.
मावशींना थांबवलंत ते फार बरं झालं. तारेच्या घासणीचे बारीक लोखंडी कण स्टेनलेसवर चिकटून राहतात आणि पुढे तेच गंजतात. वर चरे पडतात ते वेगळेच.

आता सुरी का गंजली ते सांगतो. आपली ताटं-वाट्या बहुधा १८-८ स्टीलची, म्हणजे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल. सुरीला धार टिकावी म्हणून तिच्या स्टीलमध्ये कार्बन जास्त असतो, क्रोमियम साधारण १३ टक्के आणि निकेल सहसा नसतंच. क्रोमियमचा अदृश्य थर स्टीलला जपतो, पण मिठातलं क्लोराइड तो थर जागोजागी फोडतं. मुंबईच्या हवेत समुद्राचा खार आहेच, त्यात जुलै-ऑगस्टची दमट हवा आणि बंद घर. विळीचं पातं तर बहुतेक साध्या पोलादाचं, त्याला तो थरही नाही.

आधी ठिपक्यावरून नख फिरवून पाहा. गुळगुळीत लागलं तर गंज वरवरचा आहे. खड्डा जाणवला तर तांबूसपणा जाईल, पण खड्डा राहील. तो धारेवर असेल तर धारवाल्याकडूनच उतरवून घ्यावा लागेल.

वरवरच्या गंजाला खायचा सोडा पुरतो. थोड्या पाण्यात दाट कालवून ठिपक्यांवर लावा आणि ओल्या कापडाने किंवा बाटलीच्या बुचाने चोळा. सुरी पाटावर आडवी ठेवायची, हात मागच्या कण्याकडून धारेकडे न्यायचा, धारेच्या रेषेवरून कधीच नाही. एवढ्याने गेलं नाही तर व्हिनेगरमध्ये तेवढंच पाणी घालून कापड भिजवा आणि ते पाच-दहा मिनिटं पात्यावर गुंडाळून ठेवा. लिंबाचा रसही चालतो. रात्रभर मात्र ठेवू नका, आम्ल गंजाबरोबर पोलादही खातं. मग सोड्याच्या पाण्याने पुसा, धुवा आणि लगेच कोरडं करा. लाकडी मूठ भिजू देऊ नका.

विळीवरचा काळपट थर राहू द्या. कैरी, चिंच, लिंबू चिरून तो येतो आणि पात्याला थोडं जपतोही. काढायचा तो फक्त तांबडा.

धनुर्वाताचं म्हणाल तर त्याचे जंतू मातीत असतात आणि जखमेतून शरीरात शिरतात, गंजातून किंवा पोटातून नाही. तरी गंज सुटत असेल त्या सुरीने चिरू नये, आणि हात कापला तर टिटॅनसचं इंजेक्शन केव्हा घेतलं होतं ते डॉक्टरांना सांगावं.
– दादरचा एक सभासद

———

बटाट्याला अगदीच नाही म्हणू नका हो! माझी आई कापलेल्या बटाट्यावर मीठ घालून चोळायची आणि पातं लख्ख निघायचं.
– एक सभासद, न्यू जर्सी

———

निघतं, हे खरं आहे. बटाट्यात थोडं ऑक्झॅलिक आम्ल असतं आणि मिठाचे खडे घासायचं काम करतात. पण मीठ मुठीच्या फटीत शिरून बसलं की मुंबईत आठवड्याभरात तिथूनच गंज धरतो. खरखरीतपणाच हवा असेल तर मिठाऐवजी सोडा घ्या. ब्लीच आणि व्हिनेगर मात्र कधीच एकत्र करू नका, त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.
– दादर

———

सोड्यानेच सुरी साफ झाली! विळीला दोनदा व्हिनेगर लागलं. आता परत घर बंद करून जायचं आहे, तर काय करू?
– पार्ले

———

पातं कोरडं करून थोडा वेळ पंख्याखाली ठेवा, कारण विळीच्या सांध्यात पाणी राहतं. मग फडक्याने खोबरेल तेलाचा अगदी पातळ हात फिरवा. फणस चिरताना लावतो तेवढंही नको. शेंगदाण्याचं तेल बंद घरात चिकट होतं. रद्दी पेपरात गुंडाळू नका, कागद ओल धरतो. डब्यात ठेवणार असाल तर औषधाच्या बाटलीत येते ती सिलिका जेलची पुडी सोबत टाका आणि झाकण घट्ट लावा. परत आल्यावर तेल साबणाने धुऊन मगच वापरा.
– दादर