मदत हवी आहे: सॉकेटचं वायरिंग चुकलंय, पण एका ठिकाणी टेस्टर सगळं ठीक दाखवतो

नमस्कार मंडळी,

दोन महिन्यांपूर्वी डोंबिवलीत तीसेक वर्षं जुन्या इमारतीत फ्लॅट घेतला. आई पहिल्या आठवड्यापासून सांगत होती की फ्रिज उघडताना हाताला मुंग्या येतात. माझ्या पायात चप्पल असायची, मला काही जाणवायचं नाही, म्हणून मी लक्ष दिलं नाही. त्याचं आता फार वाईट वाटतंय. गेल्या रविवारी फरशी नुकती पुसली होती, आई अनवाणी होती आणि तिने हँडलला लावलेला हात एकदम झटक्याने मागे घेतला.

मेन स्विच पाडला, वीज गेल्याची खात्री केली आणि सॉकेट उघडले. फ्रिजच्या सॉकेटमागे हिरवी वायर आहे, पण टोकाला काळी चिकटपट्टी गुंडाळून मागे दुमडून ठेवलेली. अर्थच्या (अर्थिंगच्या) स्क्रूला काहीच नाही. मेन परत चालू केल्यावर, गिझरच्या पॉइंटचं बटण बंद असलं तरी डाव्या भोकात टेस्टर पेटतो. ओट्याजवळच्या सॉकेटमध्ये न्यूट्रलच्या (परतीच्या तारेच्या) स्क्रूपासून अर्थच्या स्क्रूपर्यंत बोटाच्या पेराएवढा वायरचा तुकडा जोडलाय.

तीन दिव्यांचा प्लग-टेस्टर आणला. फ्रिज आणि गिझरला त्याने दोष दाखवला, ओट्याजवळच्याला मात्र ‘बरोबर’ म्हणाला. वायरमन म्हणतो, जुन्या घरात असंच असतं, आरसीसीबी (करंटची गळती झाली की वीज तोडणारी) बसवा म्हणजे झालं. तेवढ्याने भागेल का? की सगळं वायरिंग नव्याने करावं? आईला ओट्याजवळ जाऊ द्यायची भीती वाटते.

प्रतिसाद:

आधी ओट्याजवळचं सॉकेट वापरणं आजच थांबवा. तिघांत तेच सर्वांत घातक आहे. तो तुकडा असल्यामुळे टेस्टरला अर्थच्या जागी न्यूट्रल मिळतो आणि त्याला दोन्हीतला फरक कळत नाही. मागे कुठे न्यूट्रल तुटला किंवा ढिला झाला, तर चालू उपकरणातून फेज, म्हणजे जिवंत वीज, त्या तुकड्यावाटे थेट धातूच्या बॉडीवर येतो. गिझरसारखी उलटापालट त्या लाइनवर कोणी केली असती, तर तिथे लावलेल्या उपकरणाच्या बॉडीवर पूर्ण २३० व्होल्ट आले असते. अर्थ नाही म्हणून असा तुकडा मारून जाणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

गिझरच्या पॉइंटला बटण न्यूट्रलवर आलंय. बटण बंद केलं तरी आतल्या कॉइलपर्यंत फेज पोचलेलाच राहतो. आपल्याकडे सॉकेटसमोर उभं राहिलं आणि अर्थचं मोठं भोक वर असलं, की फेज उजवीकडे हवा, न्यूट्रल डावीकडे, आणि बटण फेजवर.

आरसीसीबी जरूर बसवा, ३० मिलीअँपिअरची. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून परत आला नाही की ती पडते, त्यामुळे अर्थ नसतानाही ती काम करते. पण तेव्हा गळती माणसाच्या अंगातून झाल्यावर पडेल. अर्थ असेल तर कोणी हात लावायच्या आधीच. म्हणून ती अर्थच्या बदल्यात नको, अर्थच्या जोडीला हवी.

आणखी एक प्रतिसाद:

हिरवी वायर जोडण्याआधी ती कुठे जाते ते बघा. आमच्याकडे ती डीबीपर्यंत (घरातल्या मेन स्विचच्या पेटीपर्यंत) येऊन तिथेच मोकळी लटकत होती. सोसायटीच्या मीटररूममधली अर्थची पट्टी आणि ती जिथे जमिनीत जाते तो खड्डाही तपासून घ्या. खड्डा कोरडा पडला की अर्थ नावापुरता उरतो. काम परवानाधारक ठेकेदाराकडूनच करा आणि मल्टिमीटरचे आकडे समोर उभं राहून बघा.

धागाकर्ता:

दोघांचेही खूप आभार. काल परवानाधारक माणूस येऊन गेला. तुम्ही म्हणालात तसंच निघालं, डीबीत हिरव्या वायरचं दुसरं टोकही मोकळं होतं. मीटररूममधला अर्थ चांगला आहे, पण तिथून आमच्या घरापर्यंत वायरच नव्हती. ती ओढली, स्वयंपाकघरातही पाइपातून नवी हिरवी वायर घातली. ओट्याजवळचा तुकडा मी स्वतः हातात घेऊन पाहिला आणि जपून ठेवलाय, सोसायटीच्या बैठकीत दाखवणार आहे. तो जोडणारा माणूस इतर घरांतही काम करून गेला असेल. आता ओट्याजवळच्या सॉकेटमध्ये फेज-अर्थ २३१ व्होल्ट आणि लोड चालू असताना न्यूट्रल-अर्थ दीड व्होल्ट येतोय. फ्रिजच्या मुंग्या बंद झाल्या, आईने अनवाणी उभं राहून दोनदा खात्री केली.

गिझरचे फेज-न्यूट्रल सरळ केले, अर्थ दिला, आणि चालू करताच नवी बसवलेली आरसीसीबी पडली. गिझर काढून ठेवला की टिकते. म्हणजे कॉइलमध्येच गळती असावी, इतके दिवस ती कळत नव्हती. उद्या कॉइल तपासून घेतोय. तोवर आईचं अंघोळीचं पाणी गॅसवर.